लोकरीला विटाळ नसतो

माझ्या वडिलांनी घोड्याला मारलं आणि घोड्यानं वडिलांना. आमच्या घरात पुढे जे घडलं त्याची सुरुवात इतकी सरळ आहे. शहागंजातून कचेरीकडे जाताना टांग्याचा घोडा अडला. टांगेवाला त्याला चुचकारत होता, पण वडिलांना धीर म्हणून नव्हता. ते खाली उतरले, टांगेवाल्याच्या हातातला चाबूक हिसकावला आणि घोड्याच्या मागच्या पायांवर सपासप ओढायला लागले. त्या मुक्या जनावरानं थोडा वेळ सोसलं, मग लाथ झाडली. वडिलांच्या नडगीचं हाड कातडं फाडून बाहेर आलं. ही हकीकत मला पुढे त्या टांगेवाल्यानंच सांगितली आणि सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. मलाही आवरलं नाही. बापाविषयी असं बोलू नये म्हणतात. ज्यांनी त्यांचा वेत खाल्ला नाही त्यांनी खुशाल म्हणावं.

निजामाचं राज्य होतं. वडील तालुकदाराच्या कचेरीत कारकून होते. उर्दू सुरेख लिहायचे, साहेबापुढे कमरेत वाकून बोलायचे, आणि दिवसभर जे गिळलं ते संध्याकाळी घरी येऊन आमच्यावर काढायचे. दाराच्या मागे वेत टांगलेला असे. भाजीत मीठ जास्त झालं की आईला, मी मोठ्यानं हसले की मला. माझा भाऊ या वेताला कंटाळूनच हैदराबादला शिकायला गेला, आणि जाताना आपली बायको मात्र आमच्याकडे ठेवून गेला.

ती माझी वहिनी. देवगाव रंगारीची. तिची आई लहानपणीच वारलेली, घरात सावत्र आई, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी नाही, आमच्याकडेच करायचं ठरलं होतं. मी तेव्हा परकर-पोलक्यात होते आणि ती माझ्याहून फार मोठी नव्हती. पोट पुढे आलेलं असतानाही ती माझ्याशी सागरगोटे खेळायची आणि लबाडी करून जिंकायची. तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवायला तिनंच मला शिकवलं. आत्याबाई तिच्या गावंढळ बोलण्याची टिंगल करायच्या, तर ती तोंडावर म्हणायची, "आमच्याकडं असंच बोलत्यात. मला दुसरं येत नाय." आमच्या घरात मोठ्यांना असं उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं. माझा तिच्यावर जीव होता, हे सरळच सांगते.

आत्याबाई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. विधवा, केशवपन केलेल्या, कडक सोवळ्याच्या. वडील घरावर वेतानं राज्य करायचे आणि आत्याबाई सोवळ्या-ओवळ्यानं. वेताचा मार थोड्या वेळानं थांबतो, सोवळं थांबत नाही. कोण कुणाला शिवलं, कुणाच्या पदराचा वारा कुणाला लागला, यावर त्यांची नजर असे. मी त्यांच्याच घरात वाढले, पण त्यांचा उघडा हात माझ्या अंगाला कधी लागल्याचं मला आठवत नाही.

वडिलांना लोकांनी उचलून जवळच्या खैराती दवाखान्यात नेलं. कुठल्याशा जहागीरदारानं बांधलेला तो दवाखाना आता नाही. लांबच लांब एक खोली, दोन्ही बाजूंनी खाटा, आणि एकाच पातेल्यातल्या पट्ट्या सगळ्यांच्या जखमांना. आईबरोबर मी एकदा गेले होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा हात खांद्यापर्यंत सुजून लाल झाला होता आणि तो रात्रंदिवस ओरडत होता. वडिलांची जखम हाडापाशी स्वच्छ होती म्हणतात, पण त्या खोलीत काही दिवस काढल्यावर तिच्यातून पिवळं पाणी यायला लागलं. शेजारचा माणूस मेला. वडिलांनी घाबरून आरडाओरडा केला, पट्टी बांधणाऱ्या कंपाउंडरच्या कानशिलात दिली, आणि फळीला बांधलेल्या पायासकट टांग्यातून घरी आले. टांगा दुसऱ्या माणसाचा होता.

आता घरी पट्टी कुणी बांधायची? ज्याला मारलं तो कंपाउंडर काही येणार नव्हता. ते काम आईवर आलं. आणि तिथंच आत्याबाईंचा कायदा उभा राहिला. दवाखान्यातून आलेला माणूस म्हणजे सतरा जणांना शिवलेला. त्याच्या खोलीत जाऊन आलं की अंघोळ करायची, लुगडं भिजवायचं. थंडी मी म्हणत होती, आईला दिवसातून किती वेळा पाण्यात उभं करणार? आत्याबाईंना आईची दया होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी आपली धाबळी काढून दिली.

धाबळी म्हणजे जाड, खरखरीत लोकरीचं नेसायचं वस्त्र. आता ती कुणी पाहिलेलीही नसेल. सुती कापड शिवाशिवीनं ओवळं होतं, लोकर होत नाही. लोकर नेहमी शुद्ध, म्हणून तिला धुवायचं कारण नाही. अंगावरचं लुगडं काढून धाबळी गुंडाळायची, खोलीत जायचं, काम करायचं, बाहेर येऊन धाबळी खुंटीला अडकवायची, आपलं लुगडं नेसायचं. विटाळ नाही, अंघोळ नाही. ती खुंटी मधल्या बोळात होती. एका बाजूला वडिलांची खोली, दुसऱ्या बाजूला बाळंतिणीसाठी तयार केलेली.

पट्टी सोडायची वेळ आली की मी कान दाबून परसात बसायची. जुनी पट्टी जखमेला चिकटलेली असे. आई कोमट पाणी सोडून ती हळूहळू ओढायची आणि वडील हाताला लागेल त्यानं तिला मारायचे. तांब्या, वेत, उशी, मूठ. एकदा त्यांनी धड असलेल्या पायानं तिच्या छातीत लाथ मारली. ती भिंतीवर आदळली आणि पट्ट्यांच्या पाण्याचं पातेलं तिच्या अंगावर पालथं झालं. ते घाण पाणी, पू, रक्त, सगळं धाबळीवर. आई तशीच बाहेर आली आणि म्हणाली, "वन्सं, ही धुवायला पायजे."

"वेडी का काय! लोकर कुणी धुतंय? आकसून जाईल. दोन थेंब पाणी शिंपड, वाळली की झटक."

आईनं पाणी शिंपडलं. धाबळी वाळली, कडक झाली. आई तिला झटकायची तेव्हा बारीक पिवळी भुकटी उडायची. मला ती उन्हात उडताना अजून दिसते.

त्याच दिवसांत वहिनी बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण आली, नाळ कापून, शेक सांगून गेली. वहिनी थकली होती, पण हसत होती. मला दारातून म्हणाली, "बघ, कशी लाल हाय. तुझ्यासारखीच किरकिरी व्हनार." बाळंतिणीला शिवलं तरी अंघोळ, म्हणून त्या खोलीलाही धाबळीचाच नियम. आई वडिलांच्या खोलीतून बाहेर यायची, धाबळी अंगावरच असायची, तशीच वहिनीच्या खोलीत जायची. कुणाला वावगं वाटलं नाही. उलट शेजारणींना आत्याबाई सांगायच्या की बघा, दवाखान्याचा माणूस घरात आहे, बाळंतीण घरात आहे, पण एकाचा विटाळ दुसऱ्याला जाऊ दिला नाही.

बाळंतिणीचं पोट सुटू नये म्हणून ते पट्ट्यानं बांधतात. सुती पट्टा रोज धुवावा लागतो आणि थंडीत वाळत नाही. आईला वाटलं पोरीला ऊब मिळावी. आत्याबाईही हो म्हणाल्या. दोघींनी मिळून धाबळीच्या काठाची एक लांब पट्टी फाडली आणि आईनं ती वहिनीच्या पोटावर घट्ट बांधली. वहिनी म्हणाली, "टोचतंय." आई म्हणाली, "सवय होईल."

मग वहिनीला हुडहुडी भरली. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं दुधाचा ताप. नंतर ती अशी थडथडायला लागली की बाज हलत होती. पोट फुगलं, कुणी नुसतं पांघरूण सारलं तरी ती किंचाळायची. दूध आटलं. खोलीत वास यायला लागला, तोच वास जो वडिलांच्या खोलीत होता. मी ते आईला म्हणाले, तर आई म्हणाली, आजाराला वास असतोच. आत्याबाईंनी निखाऱ्यावर मिरच्या टाकून धुरी केली. बाळ खोकून काळंनिळं झालं तेव्हा त्याला बाहेर आणलं.

ताप डोक्यात गेला आणि वहिनी वहिनी राहिली नाही. शिव्या द्यायला लागली, देवगावच्या बाजारातल्या असतील अशा. सावत्र आईला देत होती, माझ्या भावाला देत होती. उठून दाराकडे धावली. आई आणि आत्याबाईंनी तिला धरलं तर आत्याबाईंच्या दंडाला कडकडून चावली. त्यांनी तिला थप्पड मारली. मी दारात होते. मारायच्या आधी त्यांनी आईच्या अंगावरच्या धाबळीचं टोक हाताला गुंडाळून घेतलं होतं. मग दोघींनी तिचे हात जुन्या लुगड्यानं बाजेला बांधले, आणि पलीकडून वडील ओरडले, "त्या कार्टीला गप्प करा, नाहीतर मी येतो!" त्या क्षणी मी मनापासून मागितलं की देवा, एक नेणारच असशील तर यांना ने.

कचेरीतल्या एका साहेबानं वडिलांसाठी डॉक्टर पाठवला. मुसलमान, वयस्क, मराठी बोलायचे. वडिलांचा पाय बघून त्यांनी मान हलवली, काहीतरी पावडर दिली. आई पट्टी बांधत होती. तेवढ्यात पलीकडून वहिनीची किंकाळी आली आणि आई धाबळीसकट तिकडे धावली. डॉक्टर बोळात आले. त्यांनी आईला त्या खोलीतून या खोलीत जाताना बघितलं, आणि ते जागच्या जागी उभे राहिले.

"आत कोण आहे?"

"आमची सून, बाळंतीण आहे," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्हाला जाता येणार नाही."

"नाही जात. ताप आहे? बाळंत झाल्यानंतरचा? पोट फुगलंय?" आत्याबाईंनी होकारार्थी मान हलवली. "पेशंटला पट्टी बांधून या बाई तिकडे जातात? याच कपड्यात?"

"याच म्हणजे? सोवळ्याची धाबळी आहे. हिला काही लागत नाही."

डॉक्टरांनी हात पुढे करून दारात आलेल्या आईच्या धाबळीचा काठ बोटांनी चाचपला. कडक झालेला पू त्यांच्या बोटांखाली तुटला. त्यांनी हात रुमालाला पुसला, आणि रुमाल तिथंच टाकून दिला. "बाई," ते आईला म्हणाले, "मालकांच्या पायात जे आहे तेच सुनेच्या रक्तात गेलंय. दवाखान्यातून आलंय ते. हे कापड त्याला घेऊन गेलंय. आत्ता जाळा. माझ्यासमोर. आणि हात साबणानं धुवा, पट्ट्या उकळा. अजून काही आहे का यातलं घरात?"

"नाही," आई म्हणाली. "एवढी एकच आहे."

ती खोटं बोलत नव्हती. वहिनीच्या पोटावर होता तो तिच्या लेखी पट्टा होता.

आई खोलीतून बाहेर आली तेव्हा अंगावर जुनेर होतं आणि हातात धाबळी. आत्याबाई बोळात आडव्या उभ्या राहिल्या. "खबरदार! माझ्या सासरची धाबळी आहे. याच्या सांगण्यावरून जाळायलीस?" त्यांनी एक टोक धरलं. आईनं दुसरं. मी माझ्या आईला तोवर कधी वर मान करून बोलतानाही बघितलं नव्हतं. ती दात आवळून ओढत होती. आत्याबाईंचं डोकं भिंतीवर आपटलं, आईच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त आलं, दोघी बोळभर एकमेकींना ढकलत होत्या आणि डॉक्टर दाराबाहेर जाऊन पाठ करून उभे होते. बायकांच्या भांडणात ते तरी काय करणार.

"वन्सं, सोडा. माझी पोर मरायलीय."

"तुझी कुठली? सून आहे ती."

आईनं त्यांना ढकललं. आत्याबाई पडल्या. आईनं धाबळी न्हाणीतल्या चुलीत कोंबली. लोकर भडकत नाही, करपते. केस जळल्याचा वास घरभर पसरला, धुरानं डोळे चुरचुरायला लागले. तेवढ्यात वडील आले. भिंतीला धरून, एका पायावर उड्या मारत, हातात वेत. काय झालंय हे त्यांना माहीतही नव्हतं. बायकोनं बहिणीला पाडलं एवढं कळलं होतं. त्यांनी पहिला वेत आईच्या पाठीवर ओढला, दुसरा ओढला. आई वळली तेव्हा तिच्या हातात चुलीतलं जळतं लाकूड होतं.

"या," ती म्हणाली. "पुढं या."

लाकूड तिनं त्यांच्या तोंडासमोर धरलं होतं. वडिलांनी तिच्याकडे बघितलं, मग लाकडाकडे, आणि भिंतीला घासत खाली बसले. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, लंगडत का होईना, पण वेत पुन्हा दाराच्या मागे टांगला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा ताप उतरला. हात सोडले. तिनं मला ओळखलं, पाणी मागितलं. मग म्हणाली, "भाकरी खावीशी वाटायलीय. जवारीची. लोन्यासंगं." आईनं भाकरी थापली. मी परसात जाऊन दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली, तिला ऐकू जावी म्हणून. मला वाटलं आईनं तिला वाचवली. आईलाही तसंच वाटत होतं, तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. वहिनीनं भाकरीचा तुकडा तोंडात घेतला, पण गिळला नाही. संध्याकाळी पुन्हा हुडहुडी भरली. उजाडायच्या आत ती गेली.

सुवेरात, म्हणजे बाळंतपणाच्या विटाळात, मेलेल्या बाईला हात लावायला कुणी शेजारीण येईना. प्रेताची अंघोळ आईनं आणि आत्याबाईंनी घातली. धाबळी नव्हती, म्हणून आत्याबाई भिंतीपाशी उभ्या राहून वरून पाणी ओतत होत्या आणि आई हातानं अंग चोळत होती. आईनं वहिनीचं लुगडं सोडलं. खाली पोटावर तो पट्टा होता.

आईनं बांधला होता तसाच, तिचीच गाठ. बाहेरून लोकर, आतून काळा-पिवळा चिखल. आईला कळायला वेळ लागला. मग तिनं दातानं ती गाठ तोडली, पट्टा ओढून काढला आणि न्हाणीकडे गेली. चूल पेटलेलीच होती, त्याच पाण्यासाठी. तिनं पट्टा चुलीत घातला आणि हात बाहेर काढलाच नाही.

मला आधी वाटलं ती लाकूड सारतेय. मग मांसाचा वास आला. मी ओरडले. आत्याबाई हातातला तांब्या टाकून धावल्या आणि त्यांनी आईला उघड्या हातांनी धरलं. आधी दंडाला, मग केसांना. आई हात बाहेर काढायला तयार नव्हती, तिच्या अंगात भलतंच बळ आलं होतं. आत्याबाईंनी तिला लाथा मारल्या, ओरबाडलं, तिच्या तोंडात मारलं, उघड्या पंजानं, पुन्हा पुन्हा, आणि खेचत खेचत परसापर्यंत आणली. प्रेताला शिवलेली, सुवेराची, रक्तानं आणि राखेनं भरलेली बाई त्यांनी छातीशी धरली होती आणि म्हणत होत्या, "मीच दिली ना ती. माझी होती ना. माझा हात घाल की मग, माझा घाल."

डॉक्टर नंतर आईला म्हणाले की पट्टा आधी काढला असता तरी ती वाचली नसती, विष तोवर रक्तात गेलं होतं. खरं असेल किंवा चांगुलपणानं म्हणाले असतील. आईनं ते ऐकून घेतलं.

आईच्या उजव्या हाताची पट्टी पुढे आत्याबाई बांधायच्या. फडकी रोज उकळायच्या, इतकी की ती विरून जायची. हात साबणानं धुवायच्या, आणि मग आईचा तळवा आपल्या उघड्या मांडीवर घेऊन बसायच्या. पट्टी बांधून उठल्यावर अंघोळीला गेलेल्या मी त्यांना बघितलं नाही. बाळाला दूध हवं होतं, तर मागच्या गल्लीत एका विणकराची बायको ओली बाळंतीण होती. आत्याबाई बाळाला पदराखाली घेऊन दिवसातून कितीदा तरी तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसायच्या. वडील खाटेवरून काहीतरी म्हणाले. आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

आईचा हात भरून आला, पण बोटं ताठच राहिली. डाव्या हातानं पोळी लाटायला ती शिकली. माझी भाची चालायला लागली ती त्याच उजव्या हाताचं बोट धरून. बोट वाकत नव्हतं, त्यामुळे तिच्या मुठीतून ते कधी सुटलं नाही.